बर्फाबरोबर वाहत गेलेला माणूस

मी मूळची धुळ्याची, होस्टेलला जळगावात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि बर्फ म्हटलं की गोळेवालाच आठवतो! तरीही आज लिहितेय ते गोठलेल्या समुद्राचा अभ्यास करणाऱ्या फ्रित्यॉफ नान्सेन यांच्यावर. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याने मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या.)

नान्सेन यांचा जन्म १८६१ मध्ये नॉर्वेत झाला. १८८८ मध्ये त्यांनी स्कीवरून ग्रीनलंड पार केलं. त्याआधी, १८८१ मध्ये, सायबेरियाच्या उत्तरेला ‘जीनेट’ हे जहाज बर्फाने चिरडलं होतं. त्याचे अवशेष तीन वर्षांनी थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याला सापडले. म्हणजे बर्फ वाहतो! मग नान्सेननी ठरवलं, जहाज मुद्दाम बर्फात अडकवायचं आणि वाहू द्यायचं. जाणकारांनी त्यांना वेड्यात काढलं. पण ‘फ्राम’ जहाजाचा तळच असा गोलसर बांधला होता, की बर्फाने दाबलं तर ते वर उचललं जाई.

१८९३ ते १८९६, तीन वर्षं मोहीम चालली. वाटेत एके ठिकाणी इंजिन चालू असूनही जहाज जेमतेम सरकत होतं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकत होता. उथळ समजला जाणारा समुद्र ३००० मीटरपेक्षा खोल निघाला. अंदाजात न बसणारं हे सगळं नान्सेननी जसंच्या तसं नोंदवलं. ते स्वतः स्लेजवरून ध्रुवाकडे निघाले, पण ८६ अंशांपुढे जाऊन परतावं लागलं. तेराही जण मात्र जिवंत परत आले.

ध्रुव हुकला, पण नोंदी उरल्या. त्यांवरूनच एकमन यांनी पुढे गणित मांडलं. बर्फ उजवीकडे वळतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. आणि जहाज अडलं कारण खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होता. दोन्हींच्या मधे न दिसणाऱ्या लाटा उठून इंजिनची ताकद खात होत्या. नान्सेन पुढे समुद्रविज्ञानाचे प्रोफेसर झाले. निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल १९२२ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. १९३० मध्ये ते वारले.

हे वाचून मला लाज वाटली. मागच्या सेमला फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला आमची रीडिंग्ज ग्राफवर बसेनात. आम्ही सीनियरच्या जर्नलमधून उतरवली. सही झाली, मार्क्सही मिळाले. आमची खरी रीडिंग्ज काय होती, ते आता आठवतही नाही.

या सेमला पुन्हा एक रीडिंग वाकडं आलंय. या वेळी ते तसंच लिहिलंय. सर काय म्हणतात, बघू!