रेव्हरंड टिळक

टिळक हे नाव कानी पडताच मराठी माणसाला लोकमान्यांचे स्मरण होते, आणि ते साहजिकच आहे. परंतु लोकमान्यांच्या मागून सुमारे पाच वर्षांनी त्याच रत्नागिरी जिल्ह्यात आणखी एक टिळक जन्मास आले. त्यांनी सभा गाजवल्या नाहीत की तुरुंगवास भोगला नाही. त्यांच्या हाती टाळ होते, ओठी अभंग होते आणि अंगावर ख्रिस्ती उपदेशकाचे व्रत होते. नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. त्यांनी धर्म बदलला, पण भाषा बदलली नाही, गाणे बदलले नाही, देशावरील प्रेमही बदलले नाही. एवढे साधण्यासाठी त्यांना व त्यांच्या घरच्यांना काय सोसावे लागले, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

नारायणाचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे झाला. वडिलांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई मायाळू असून तिला कवितेची आवड होती. मुलाच्या कानावर पहिले पद्य पडले ते तिच्याच तोंडून. नारायण लहान असतानाच ती वारली आणि त्याचे बालपण तेथेच संपले म्हणावयास हरकत नाही. पुढे तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान गृहस्थांनी त्याला पदरी घेतले आणि संस्कृत शिकवले. इंग्रजी शाळेतही तो काही काळ गेला. परंतु धाकट्या भावंडांचा भार अंगावर पडल्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले.

इ. स. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरी सून म्हणून आली आणि तिची लक्ष्मी झाली. तिचे वय तेव्हा तुमच्याएवढे, अकरा-बारा वर्षांचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. टिळकांनीच पुढे तिला अक्षरे शिकवली. मात्र संसार असा तो कुठे रुजेना. टिळकांचा पाय एका गावी ठरत नसे. कुठे शिक्षक, कुठे पुराणिक, कुठे आणखी काही. मनात आले की ते निघून जात आणि घरी वाट पाहत बसणारी मागे राहत असे. पैसा आला तरी हातात टिकत नसे; समोर कोणी गरजू दिसला की तो त्याचा झालाच. राग आला तर अनावर होई आणि तितक्याच लवकर विझे. असे गृहस्थ घराबाहेरच्यांना फार आवडतात. घरातल्यांना मात्र त्यांच्याबरोबर दिवस काढावे लागतात.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास होते. आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत आणि 'ऋषि' नावाचे मासिक चालवीत. या काळात एका प्रश्नाने त्यांची पाठ घेतली होती. सर्व माणसे जर एकाच ईश्वराची लेकरे आहेत, तर माणसामाणसांत जातीच्या एवढ्या भिंती का? या भिंती पाडल्यावाचून देश उभा राहणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. ईश्वर हा पिता आणि सर्व माणसे भावंडे, या पायावर आपणच एखादा नवा धर्म स्थापावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळत होते.

अशा मनःस्थितीत १८९३ साली ते नागपुराहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ बसले होते. त्या काळी गोऱ्या प्रवाशाकडून हिंदी माणसाला सौजन्याची अपेक्षा फारशी नसे. पण या गृहस्थांनी हसून जागा करून दिली. काव्याच्या गोष्टी निघाल्या, त्यांतून धर्माच्या निघाल्या. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. तरी पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले होते आणि दिलेले वचन ते पाळीत. खुणा करीत करीत त्यांनी वाचनास आरंभ केला. प्रथम मन रमेना. मग येशूचे गिरिप्रवचन आले. शत्रूवरही प्रेम करा ही शिकवण वाचून ते थबकले. आपण जे शोधत होतो ते येथे आधीच कोणी सांगून ठेवले आहे, असे त्यांना वाटू लागले. 

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज आपल्याला ही गोष्ट एका ओळीत वाचून पुढे जाता येते. त्या काळी तसे नव्हते. धर्मांतर करणारा ब्राह्मण म्हणजे जातीला, आप्तांना आणि घराला मेलेला माणूस. लक्ष्मीबाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा होता. बातमी आली आणि घरात रडारड झाली. पती जिवंत असून नसल्यासारखा! काही काळ त्यांनी पंढरपुरास काढला. याच दुःखात त्यांच्या तोंडून पहिल्या ओळी बाहेर पडू लागल्या आणि नवऱ्याप्रमाणे त्याही कविता करू लागल्या.

येथे टिळकांची बाजू घेणे सोपे नाही. ज्या प्रेमाच्या धर्मासाठी त्यांनी सर्व सोडले, त्याच धर्मापायी एक निरपराध बाई आणि एक लहानगा पोरके झाले होते. हे शल्य टिळकांनाही होते. ते पत्रे पाठवीत आणि परत येण्याविषयी विनवीत. परंतु पतीच्या अधिकाराने तिला ओढून आणावे, असे त्यांनी केले नाही. सुमारे पाच वर्षे अशी गेल्यावर लक्ष्मीबाई आप्तांचा विरोध बाजूस सारून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, त्यांच्याकडे आल्या. धर्माच्या बाबतीत बळजबरी करावयाची नाही, ही अट होती. टिळकांनी ती अक्षरशः पाळली. पत्नीने आपला स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले, तर त्यांची ना नसे. पुढे त्यांच्याच सहवासात लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू बदलत गेले. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला आणि उत्तरही स्वतःच काढले. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. ते दुष्काळाचे दिवस होते. पोरकी मुले टिळकांच्या घरी येत आणि घरचीच होऊन राहत. पतीच्या औदार्यावर रागावणाऱ्या लक्ष्मीबाईच मग त्या मुलांना न्हाऊ-माखू घालीत.

नगरास अमेरिकन मराठी मिशनचे मोठे कार्य होते. तेथील डॉक्टर ह्यूम यांच्या धर्मविद्यालयात टिळक शिकवीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. पाळकाचे काम मंडळीस उपदेश करण्याचे व उपासना चालवण्याचे. पण उपासनेत बसले की टिळक अस्वस्थ होत. इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे परकीय चालींवर म्हटली जात. आपल्या पद्याला अक्षरांची आणि मात्रांची लय असते. इंग्रजी पद्याला शब्दांतील आघातांची. एकाचा अंगरखा दुसऱ्यास घातल्यावर जे व्हावयाचे तेच होई. ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर दडपले जाई आणि अर्थ मधल्यामध्ये हरवे. शेतावरून आलेल्या माणसाला ते गाणे आपले वाटत नसे.

टिळकांनी उपासनेत अभंग, भजन, टाळ आणि कीर्तन आणले. देशी चालींवर ख्रिस्ती गीते त्यांच्यापूर्वीही नगरास कृष्णराव सांगळे यांनी रचली होती, परंतु टिळकांच्या वाणीने त्या वाटेचा राजरस्ता झाला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासनासंगीत' या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आली आहेत. कीर्तनाचा साचा त्यांनी जुनाच ठेवला. पूर्वरंगात एखाद्या पदाचे निरूपण करावयाचे आणि उत्तररंगात कथा सांगावयाची. कथा मात्र येशूच्या चरित्रातील असे. गावकरी मांडी घालून ऐकत. कीर्तनकार परका आहे असे त्यांना वाटत नसे, कारण तो तुकोबांच्या भाषेत बोलत असे. आपण ख्रिस्ताच्या चरणापाशी तुकोबांनी बांधलेल्या पुलावरूनच आलो, असे टिळक मानीत. संतांचा वारसा टाकून द्यावा लागतो हे त्यांना कबूल नव्हते. आपल्या लोकांपासून तुटलेला पाळक कोणाचा पाळक, असा त्यांचा सवाल असे.

कवी म्हणून त्यांची कीर्ती मंडळीबाहेरही पसरली. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतक्या कविता केल्या, की 'फुलामुलांचे कवी' अशी त्यांची ओळख झाली. त्यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता तर कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ठोमरे नावाच्या कोवळ्या मुलाने आपल्या कवितेने सर्वांस थक्क केले. हेच ते बालकवी. पुढे काही काळ ते नगरास टिळकांच्या घरी राहिले. ख्रिस्ती पाळकाच्या घरी हिंदू मुलगा मुलासारखा राहतो, याचे लोकांना नवल वाटे. घरच्यांना वाटत नसे.

१९१२ पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी भागाचे संपादन टिळकांकडे होते. तरी त्यांचे समाधान नव्हते. जोवर उपदेशकाचा पगार परदेशातून येतो, तोवर शेजारी त्याला परक्यांचा चाकर समजणार, हे त्यांना दिसत होते. १९१७ साली, छप्पनाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. त्या वयात माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब करतात! सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात सारखीच जागा होती. काही मिशनरी मित्रांना हे मानवले नाही; टिळकांनी त्यांच्याशी स्नेह तोडला नाही आणि आपली वाटही सोडली नाही. पण हे काम वाढण्याइतके आयुष्य उरले नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

येशूचे चरित्र मराठी पद्यात सांगावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' लिहावयास घेतले होते. सुरुवातीचे काही अध्यायच होऊन ते अपुरे राहिले. वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचाराने दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईला आठवणी लिहून ठेवण्यास सांगितले. त्यातून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. लक्ष्मीबाईंनी त्यात पतीचे एकही वेडेपण झाकलेले नाही आणि त्यांच्या मोठेपणाला कोठे उणेपणाही आणलेला नाही. वर्गात हे पुस्तक वाचून दाखवताना मुले खळखळून हसतात आणि पुढच्याच पानावर गप्प होतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तुम्हीही ते मिळवून वाचा.

'ख्रिस्तायन'ही लक्ष्मीबाईंनीच पुढे चालवले. १९३६ मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत ग्रंथाचा फार मोठा भाग लिहून झाला होता. १९३८ साली तो छापून निघाला. त्याचे शहात्तर अध्याय आहेत. आरंभीचे टिळकांचे, आणि उरलेले बहुतेक सारे त्या बाईंचे, ज्यांना लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळखही नव्हती.