परिचारिकेचा मान आणि रमाबाई रानडे

जालना, अंबड, भोकरदनकडच्या मुली परिचारिकेच्या शिक्षणाकडे का वळतात, असे विचारले की नोकरीची शाश्वती हे उत्तर बहुधा ठरलेले असते. त्यात गैर काही नाही. तथापि केवळ वेतनाच्या आशेवर रात्रपाळ्या निभावत नाहीत. आपल्या कामाला समाज कोणता मान देतो, यावरही शिकणारीची उमेद अवलंबून असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात रमाबाई रानड्यांनी हे ओळखले होते.

देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यातील या मुलीचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. तोवर तिला अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकविण्यास आरंभ केला आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष ओढवला. शिकू पाहणाऱ्या स्त्रीला पुस्तकापेक्षा भोवतालच्या नजरा अधिक जड जातात, हे रमाबाईंना निराळे सांगावयास नको होते.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. पुढे १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण देण्याचे ठरले. परक्या रोग्यांची सेवा म्हणजे हलके काम, त्यात विटाळाची भीती. कुलीन घरांनी नाके मुरडली. रमाबाई स्वतः फळेफुले घेऊन ससूनमधील रुग्णांच्या भेटीस जात असत. व्याख्यानापेक्षा हे उत्तर अधिक बोलके होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तरीही कसोटीचा प्रसंग आलाच. संस्थेच्या एका समारंभात साधे लुगडे नेसलेली, केशवपन न केलेली एक विधवा विद्यार्थिनी पारितोषिक घेण्यास व्यासपीठावर आली. प्रेक्षकांतील महाविद्यालयीन तरुणांनी तिची टवाळी आरंभिली. (हे तरुण पुण्यातले, शिकलेले!) एरवी शांत असणाऱ्या रमाबाई आभार मानण्यास उभ्या राहिल्या, त्या संतापूनच. सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी दुर्दैवी भगिनीचा असा उपहास करावा, याबद्दल त्यांनी भर सभेत खरमरीत शब्दांत कान उपटले. त्या मुलीला त्या दिवशी पारितोषिकाहून मोठे काही मिळाले असले पाहिजे.

१९२४ साली रमाबाई गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराच्या घरात स्त्रिया शिकत होत्या. लेकीला नर्सिंगला घातले हे सांगताना आवाज खाली आणणारे पालक मात्र आपल्याकडे अजून भेटतात.