लक्ष्मीबाई टिळक : घर सांभाळता सांभाळता वाढलेली श्रद्धा



आपल्या धर्मग्रामातल्या अनेक माता आम्हांला सांगतात की शिक्षण कमी झाले, दिवसभर शेत आणि चूल, मग मुलांना धर्माचे काय शिकवणार? बायबल वाचायला वेळ मिळत नाही आणि वाचले तरी सगळे कळत नाही, अशी त्यांची खंत असते. अशा मातांसाठी आज आम्ही एका मराठी आईची ओळख करून देत आहोत. त्या कॅथलिक नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी आयुष्य काढले. पण त्यांच्या श्रद्धेतून आपल्यालाही पुष्कळ घेण्यासारखे आहे. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. मुलींनी शाळेत जावे ही गोष्ट त्या घरात कोणाच्या मनातही नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक कवी, विद्वान आणि मनाचे उदार, पण स्वभाव मोठा लहरी. पैसा हातात टिकायचा नाही. एका गावी पाय ठरायचा नाही. कधी न सांगता घरातून निघून जायचे. संसार कसा चालवायचा ही काळजी सगळी लक्ष्मीबाईंची. त्यातच लहान लेकरांच्या मृत्यूचे दुःखही त्यांच्या वाट्याला आले. पुढे देवदत्त, म्हणजे त्यांचा दत्तू, वाढला. अक्षरओळख त्यांना झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली.

या कुटुंबाचा आपल्या विदर्भाशी जवळचा संबंध आहे. टिळक काही वर्षे नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे कामाला होते. तिथून ते राजनांदगावला गेले. बडनेऱ्याहून नागपूरला जाणारी आपली रेल्वे पुढे राजनांदगावलाच जाते. त्याच वाटेवर १८९३ च्या सुमारास गाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी लक्ष्मीबाईंवर वीज कोसळावी तशी कोसळली. त्या काळी एखाद्याने धर्म बदलला की तो घराला मेल्यासारखाच होई. सवाष्ण असून नवरा नाही आणि पदरात लहान मुलगा, अशी त्यांची अवस्था झाली. बहिणीच्या कुटुंबाच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. काही काळ पंढरपुरात काढला. टिळक पत्रे पाठवीत राहिले. प्रेम दोन्हीकडे होते, पण मधली भिंत मोठी होती. या ताटातुटीच्या काळात लक्ष्मीबाईही मनातले दुःख कवितेत मांडू लागल्या.

पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याच्या गावी आल्या. आल्या तरी धर्म आपला आपल्याजवळ ठेवला. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे तसेच. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. आम्हांला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला खूश करायला बाप्तिस्मा घेतला नाही, आणि लोक काय म्हणतील या भीतीने थांबल्याही नाहीत. त्यांनी पाहिले, विचारले आणि मनाशी भांडून घेतले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना छळत होता. देवाने माणूस निर्माण केला, उच्च-नीच आपण ठरवले, हे एकदा पटले तेव्हा जन्मभराचे सोवळे त्यांनी स्वतःहून सोडले. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती.

आपल्या घरांतही लग्न होऊन आलेल्या सुना आहेत, ज्यांना ख्रिस्ती श्रद्धा नवी आहे. काही वेळा सासरची मंडळी घाई करतात. प्रार्थना पाठ झाली का, जपमाळ म्हणते का, असे टोचून विचारतात. पाच वर्षे वाट पाहणारे टिळक आणि पाच वर्षे प्रामाणिकपणे विचार करणाऱ्या लक्ष्मीबाई यांच्याकडे अशा वेळी पाहावे. श्रद्धा ही देणगी आहे. ती वसूल करता येत नाही.

ज्या बाईला दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिने पुढे प्लेगच्या साथीत आजारी मुलींची शुश्रूषा केली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आपल्या वऱ्हाडालाही होरपळून काढले होते. त्या दिवसांत अनाथ झालेल्या मुलांना टिळकांच्या घरात आसरा मिळाला. पुढे बालकवी ठोमरे हा तरुण कवी अहमदनगरला त्यांच्या घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंनी त्यालाही मुलासारखे जपले. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात तो गेला, तेव्हा त्याचे वय तिशीच्या आतच होते. घरात माणसे वाढत होती, पैसा मात्र वाढत नव्हता. १९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतनही सोडले. अशा घरात रोज सर्वांच्या पानात काहीतरी वाढायचे, रुसलेल्याची समजूत काढायची, आजाऱ्याजवळ जागायचे आणि तरीही हसायचे, हीच त्या माउलीची रोजची प्रार्थना होती असे आम्ही समजतो.

९ मे १९१९ रोजी टिळक देवाघरी गेले. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले, पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीला राहिल्या. टिळकांनी प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध मराठीत लिहायला घेतले होते. ते ख्रिस्तायन जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि ६४ अध्याय रचले. शेवटचा, ७६वा अध्याय मुलगा देवदत्त याने लिहिला. वडिलांनी सुरू केले, आईने वाढवले आणि मुलाने पुरे केले, असे हे एका घराचे शुभवर्तमान आहे. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. ज्या नागपुरात एकेकाळी त्या गरीब कवीची बायको म्हणून राहिल्या, तिथेच हा मान मिळाला.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे स्मृतिचित्रे. वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या, त्यातून हे पुस्तक तयार झाले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग निघाले. त्यात धर्मोपदेश फारसा नाही. भांडणे आहेत, फजिती आहे, भूक आहे, हसू आहे. स्वतःचीही थट्टा करायला त्या मागेपुढे पाहत नाहीत. नवऱ्याचे दोष लपवलेले नाहीत आणि प्रेमही लपवलेले नाही. म्हणूनच मराठी साहित्यात सर्व धर्मांचे वाचक ते आपले मानतात. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितांचा संग्रह नंतर निघाला. त्याचे नाव भरली घागर.

हे नाव आपल्या भागातल्या बायांना लगेच कळेल. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. गोड पाण्याची एक घागर भरून घरी आणण्याचे मोल काय, हे इथल्या आईला पुस्तकात वाचावे लागत नाही. श्रद्धेचेही तसेच आहे. ती कोणीतरी रोज भरून आणावी लागते, तेव्हा घरातल्या सगळ्यांची तहान भागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडील हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक आहेत असे शिकवले. तीमथ्याचा विश्वास त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, हे संत पौलाने आवर्जून लिहून ठेवले आहे. त्या दोघींनी काही मोठे कार्य केल्याची नोंद नाही. त्यांनी घरात एक मूल श्रद्धेत वाढवले.

तेव्हा मातांनो, शिक्षण कमी म्हणून मागे राहू नका. रात्री जेवणे आटोपल्यावर शुभवर्तमानातल्या चारच ओळी वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराला वाचायला सांगा आणि आपण ऐका. अडले तर रविवारी मिस्सेनंतर विचारा. वडीलधाऱ्या पुरुषांनीही तेवढा वेळ टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून आईजवळ बसावे. आणि घरातल्या नव्या सुनेला वेळ द्यावा. परमेश्वर तुमच्या घरांना आशीर्वाद देवो.