दामोदर कोसंबी : इतिहासकारामागचा गणिती

सातारा-सांगलीकडील शिक्षक-विद्यार्थी दामोदर धर्मानंद कोसंबी यांना ओळखतात ते इतिहासकार म्हणून. रेडिओलहर कोणत्या दिशेने आली हे शोधण्याच्या गणिताशीही त्यांचे नाते आहे, हे ऐकून अनेकांस नवल वाटेल.

कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. हार्वर्डची पदवी १९२९ साली घेऊन दामोदर परतले आणि बनारस, अलीगढनंतर १९३३ पासून सुमारे बारा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत राहिले. तेथेच, महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. यदृच्छेने हेलकावणाऱ्या राशीची परस्परांशी संबंध नसलेल्या घटकांत फोड कशी करावी, हा त्याचा विषय. पुढे फिनलंडचे कार्हुनेन व फ्रान्सचे लोएव यांनी तीच फोड स्वतंत्रपणे मांडली आणि जगभर नाव रूढ झाले ते या दोघांचे.

विट्याजवळ एखादा अज्ञात प्रक्षेपक चालू आहे असे समजा. साताऱ्याच्या केंद्राने दिशा आग्नेय सांगितली, सांगलीच्या केंद्राने उत्तर. नकाशावर या रेषा जेथे छेदतील तेथे तो सापडेल. पण केंद्राला तरी दिशा कळते कशी? ओळीने उभ्या केलेल्या अँटेनांवर लहर किंचित मागेपुढे पोचते, त्या फरकावरून. अनेक प्रक्षेपक एकदम बोलू लागले आणि त्यात खरखर मिसळली, की हा साधा हिशेब कोलमडतो. अशा वेळी साऱ्या अँटेनांच्या नोंदींचे परस्परसंबंध कोष्टकात मांडून त्याची तशीच फोड करतात. प्रबळ घटक संकेतांचे, क्षीण घटक खरखरीचे. ज्या दिशेचा ठसा खरखरीच्या घटकांत उमटतच नाही, ती खरी दिशा. अमेरिकेत श्मिट यांनी १९७९ मध्ये मांडलेली ‘म्युझिक’ पद्धती ती हीच. एकेक दिशा चाचपून पाहण्याचा तिच्यातील खटाटोपही नंतरच्या पद्धतींनी वाचविला.

कोसंबी स्वतः अँटेनांच्या वाटेला गेले नाहीत. दिशाशोधनाचे श्रेय त्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. त्या फोडीवर मात्र त्यांचा हक्क आहे, आणि काही ग्रंथकार आता तिन्ही नावे घेतात. आपल्या महाविद्यालयांतील फळ्यांवर ते तिसरे नाव लिहिण्यास कोणाची हरकत असावी?

गणिती म्हणून त्यांची कीर्ती झाकोळली, त्यात त्यांचाही वाटा होता. प्राचीन नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासता तपासता ते इतिहासाकडे वळले, आणि रीमानच्या गृहीतकाची सदोष सिद्धता छापून त्यांनी टीका ओढवून घेतली. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नेमणूक संपली. मुदत वाढविण्यात आली नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते निवर्तले, तेव्हा त्यांना साठावे वर्षही लागले नव्हते.