जोसेफ इझिकेल राजपूरकर

फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली काही ज्यू कुटुंबे कोकणात राहिली, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत समजूत आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी हीच त्यांची मायबोली झाली. पूर्वजांची हिब्रू भाषा उरली ती केवळ काही प्रार्थनांत. ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. शेमा म्हणजे ‘ऐक’. परंतु ऐकलेले कळले नाही, तर त्या ऐकण्याचे समाधान अपुरेच राहते.

ही उणीव दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत जोसेफ इझिकेल राजपूरकर यांचे नाव ठळक आहे. त्यांचा जन्म १८३४ साली मुंबईस झाला. त्यापूर्वी दोनच वर्षे डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. बगदादहून मुंबईस आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाने ज्यू मुलांची एक शाळा चालत असे. १८५६ साली राजपूरकर तेथे शिक्षक झाले. १८६१ मध्ये ते मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ते पद सांभाळले.

हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. संस्कृतात जसा ‘लिख्’ या धातूपासून लेख, लेखक, लेखणी असा परिवार वाढतो, तसाच हिब्रूत बहुधा तीन व्यंजनांच्या मुळापासून शब्दांचा परिवार वाढतो. ‘कातव’ म्हणजे त्याने लिहिले, ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र, आणि ‘केतुबा’ म्हणजे विवाहाचा लेखी करार. अरबी ही हिब्रूची बहीण. त्यामुळे भिवंडीसारख्या गावात नित्य कानी पडणारे ‘किताब’ व ‘मकतब’ हे शब्द याच कुळातले ठरतात. आपला ‘सलाम’ आणि हिब्रूतील ‘शालोम’, आपली ‘बरकत’ आणि हिब्रूतील ‘बेराखा’, म्हणजे आशीर्वाद, यांचेही नाते असेच आहे. एक मूळ ओळखले, की अनेक शब्द आपोआप ओळखीचे होतात.

शाळेचे काम सांभाळून राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठीत भाषांतरे केली. शब्दाचे मूळ जाणल्यावाचून असे काम साधत नाही. मुंबई विद्यापीठाने हिब्रूचे परीक्षक म्हणून त्यांची नेमणूक केली. १९०५ साली त्यांचे निधन झाले.

१९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला आणि पुढे अनेक बेने इस्राएल कुटुंबे तिकडे गेली. एके काळी केवळ प्रार्थनेत उरलेली हिब्रू तेथे बाजारात व शाळेत त्यांच्या रोजच्या वापरात आली. राजपूरकरांना हे दिवस पाहावयास मिळाले नाहीत. परंतु जी प्रार्थना आजोबा केवळ पाठ म्हणत, तिचा अर्थ नातवास आपल्या मराठीत वाचता यावा, ही सोय त्यांनी करून ठेवली होती.