११२ मॅच हरला, टीमचा हिरो विकला; तरी ब्रँच रिकी चुकला होता का?

साल १९५२. अमेरिकेतली पिट्सबर्ग पायरेट्स ही बेसबॉल टीम १५४ पैकी ११२ मॅच हरली. खापर फुटलं जनरल मॅनेजर ब्रँच रिकीवर. जनरल मॅनेजर म्हणजे कोणता खेळाडू घ्यायचा आणि कोणाला सोडायचं, हे ठरवणारा माणूस.

रिकी काही नवखा नव्हता. १८८१ मध्ये ओहायोत जन्मलेल्या रिकीने सेंट लुईसमध्ये छोट्या टीम पोसून त्यातून खेळाडू घडवायची पद्धत रुजवली. पुढे ब्रुकलिन डॉजर्समध्ये असताना त्याने कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं. १९४७ मध्ये रॉबिन्सन मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली वर्णबंदी मोडली.

पिट्सबर्गमध्ये मात्र गणित बसेना. १९५३ मध्ये त्याने होम रनचा बादशहा राल्फ कायनरला शिकागोला देऊन टाकलं. चाहते भडकले. १९५२ ते १९५५ अशी सलग चार वर्षं टीम तळाला राहिली आणि शेवटी रिकीने पद सोडलं.

पण याच काळात त्याने डिक ग्रोट, एल्रॉय फेस आणि बिल मॅझेरोस्की ही पोरं टीममध्ये आणली होती. १९५४ मध्ये तर डॉजर्सच्या हातून रॉबर्टो क्लेमेंटेला उचललं.

१९६० मध्ये याच पोरांनी यांकीजला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. शेवटचा विजयी होम रन मॅझेरोस्कीचाच!

सगळं श्रेय रिकीचं नाही. व्हर्नन लॉ आणि बॉब फ्रेंड हे बॉलर त्याच्या आधीच टीमने घेतले होते. शिवाय चार वर्षं चाहत्यांनी तिकीट काढून पराभवच पाहिले, तेही खरं. पण हिशोब १९५२ लाच मिटवला, तर त्यात क्लेमेंटे दिसतच नाही.

१९६५ मध्ये रिकी गेला. त्याआधी त्याने लावलेल्या झाडाला फळ आलेलं त्याने पाहिलं होतं.