आयुष्यभर कामाची गाणी रचणाऱ्या बहिणाबाईंनी स्वतःचं छापलेलं पुस्तक कधी पाहिलंच नाही

मार्च-एप्रिल आला की इन्क्रिमेंटचे रील्स सुरू होतात. बॉस, पगार, ईएमआय, महिनाअखेर आणि मागे वाजणारं एखादं गाणं. पण कामाचं आणि कमाईचं गाणं आपल्याकडे काही नवं नाही. जळगावातल्या एका बाईनं शेतात आणि चुलीपुढं राबताना अशी कितीतरी गाणी रचली. तिच्या कामाला पगार नव्हता, त्यामुळे पगारवाढ मागायची कुणाकडे हा प्रश्नच नव्हता.

ही बाई म्हणजे बहिणाबाई चौधरी.

२४ ऑगस्ट १८८० ला जळगावजवळच्या आसोद्यात त्यांचा जन्म झाला. माहेर महाजनांचं, वडील उखाजी आणि आई भीमाबाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न लागलं आणि त्या मोठ्या खटल्याच्या घरात आल्या. शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. लिहिता-वाचता येत नव्हतं ते शेवटपर्यंत.

आता त्या काळातल्या कापूसपट्ट्यातल्या शेतकरी बाईचा दिवस बघा. पहाटे उठून जात्यावर दळण, मग चूल, मग शेतात निंदणी नाहीतर वेचणी आणि संध्याकाळी परत चूल. या कामाची हजेरी कुठल्याच वहीत लागत नाही. बहिणाबाईंनी नेमकी हीच कामं गाण्यात घेतली. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात, त्या घरोटावर गाणं. मोटेवर गाणं. पेरणी, कापणी, रगडणी, सगळ्यांवर गाणी.

त्यात उपणणीचं गाणं तर खासच. उपणणी म्हणजे मळलेलं धान्य वाऱ्यावर उधळायचं, भूस उडून जातं आणि दाणा खाली पडतो. पण वारा पडला की खळ्यावर सगळं ठप्प. म्हणून बहिणाबाई त्या गाण्यात थेट वाऱ्यालाच हाक मारतात, अगदी लाडीगोडी लावून. तुम्ही-आम्ही एचआरला मेल टाकतो ना, तसंच काहीसं. दुसऱ्या एका गाण्यात त्या जगाला कामाच्या मापानं मोजतात. कापूस नसलेल्या बोंडाला बोंड का म्हणायचं आणि रिकाम्या वर येणाऱ्या मोटेला मोट का म्हणायचं, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

जाता जाता एक गोष्ट. सोशल मीडियावर ही गाणी सर्रास अहिराणी म्हणून शेअर होतात. धुळ्याकडे अहिराणी बोलतात हे खरं, पण बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. दोन्हीकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, पोळ्याचा पोया होतो, म्हणून हा गोंधळ.

वयाच्या तिशीत नथुजी गेले. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन लेकरं. त्यातल्या ओंकारला प्लेगनं अपंगत्व आलं. विधवा बाईनं कोपऱ्यात बसावं असा तो जमाना आणि घरात पैशाची ओढाताण. अशा वेळी माणूस हात दाखवायला ज्योतिषाकडे जातो. बहिणाबाईंचं गाणं मात्र ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतं. माझं नशीब मला ठाऊक आहे, तू नको सांगूस, असा त्याचा सूर. त्या परत कामाला लागल्या आणि गातच राहिल्या.

धाकटा सोपान पुढे सोपानदेव चौधरी या नावानं कवी म्हणून गाजला. त्यानं आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईची गाणी कानावर पडतील तशी टिपून ठेवली. जी टिपली ती राहिली, बाकीची शेतातच विरली. जळगावातल्या छापखान्यावरही बहिणाबाईंचं एक गाणं आहे. छपाईनं कागदाला शहाणपण येतं, माणसाला येईलच असं नाही, असा त्यात चिमटा काढलाय. हे म्हणणारी बाई निरक्षर होती, हे विसरू नका.

३ डिसेंबर १९५१ ला जळगावातच त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे थक्क झाले आणि हे छापलंच पाहिजे म्हणून हटून बसले. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर आलं. १९६१ च्या ‘मानिनी’ सिनेमानं ती गाणी घराघरांत नेली, मग ती शाळेच्या पुस्तकांत आली. पण पुस्तकाचा एक रुपयाही ती रचणारीच्या हाती पडायचा प्रश्नच उरला नव्हता.

२०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पोरांच्या डिग्रीवर ते छापलेलं असतं. त्यांच्या वापरातली शेतीची अवजारं आणि घरातली भांडीकुंडी जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात जपून ठेवली आहेत.